मोराची निळी मान

त्या दिवशी सकाळपासून लख्ख ऊन होतं आणि वारा अगदी पडला होता. काळ फार जुना, हत्यारं माणसांशी बोलत तेव्हाचा. रंगीत काचांच्या खिडक्या करणाऱ्या बस्त्यावला चर्चच्या खिडकीसाठी मोराची मान कापायची होती. निळी काच एवढी एकच उरलेली. ती वाकडी तडकली, तर मोर बिनमानेचाच राहणार होता. त्यातून बस्त्यावचा अंगठा कित्येक दिवस सुजलेला.

"मला घे," पेटीतली काच कापायची पितळी कलम म्हणाली. "माझ्यासारखी चमक आहे कुणाला?"

"तुझं ते काडीसारखं अंग बघ, आणि त्याचा अंगठा बघ," जाड लाकडी मुठीची कलम बोलली.

"तू गप बस, वांग्यासारखी फुगलेली!"

बस्त्यावला खरं तर पितळीच आवडायची, रोज तो तीच वापरायचा. पण त्याने घाई केली नाही. टाकाऊ काचेचा तुकडा घेतला, डोळे मिटले आणि दोन्ही कलमांनी एकेक रेघ ओढून पाहिली. पितळी चिमटीत धरताच अंगठा कळवळला, रेघ करकरत मध्येच थांबली. लाकडी मूठ सगळ्या तळव्यात बसली आणि रेघ एकसारखी सळसळत टोकापर्यंत गेली.

"डोळे उघडून बघ ना माझ्याकडे!" पितळी चिडली.

"काच कुठे बघते गं तुला, बाय?" बस्त्याव म्हणाला. लाकडी कलमेने त्याने निळ्या काचेवर मानेचं वळण ओढलं आणि खालून हलकेच ठोकलं. मान अलगद सुटली.

दारात उभी असलेली शेजारीण कतरीनबाय म्हणाली, "बस्त्याव, काच कापताना तुझं तोंड वाकडं झालं नाही, हे आज पहिल्यांदा बघतेय."