भीमाक्काची चित्रं

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही.

एका घाटाच्या पायथ्याशी, तीन रस्ते मिळतात तिथे, एक बाजाराचं गाव होतं. त्या गावात चित्रकथी राहत. आपल्या हाताने चित्रं काढायची, ती एकामागून एक दिव्याच्या उजेडात धरायची आणि गोष्ट सांगायची, हा त्यांचा धंदा. गावाबाहेर त्यांनी सगळ्यांनी मिळून बांबूचा एक मांडव घातला होता. ज्याच्याकडे गोष्ट असेल त्याने ती सांगावी, ज्याला ऐकायची असेल त्याने समोर बसावं. आवडली तर पसाभर तांदूळ टाकावेत, नाही आवडली तर उठून जावं.

त्या चित्रकथ्यांमध्ये द्वारका नावाची एक बाई होती. तिची चित्रं बेताचीच, पण बोलणं असं गोड की भांडायला आलेला माणूस पाणी पिऊन हसत परत जाई. सगळ्यांत वयस्कर होती भीमाक्का. द्वारकेला गोष्ट सांगायला तिनेच शिकवलं होतं.

भीमाक्काची कावळ्याची गोष्ट ऐकायला लोक घाट उतरून येत. एक कावळा विहिरीच्या काठावर बसतो आणि जाहीर करतो, ही विहीर आजपासून माझी. पाखरं घाबरतात, त्याला विचारून पाणी पिऊ लागतात. शेवटी विहिरीतून एक म्हातारं कासव डोकं वर काढतं आणि म्हणतं, "अरे, मी जन्मापासून इथेच राहतो. मला कुणी विचारलंच नाही!" या ठिकाणी लोक पोट धरधरून हसत.

एका वर्षी वादळात मांडव उडाला. बांबू पार नदीपर्यंत जाऊन पडले. चित्रकथी डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा राजधानीतल्या एका मोठ्या पेढीचा दिवाणजी गावात आला. पेढीचा तेलाचा आणि कापडाचा व्यापार होता. तिच्या मालकांना गावात कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

"आम्ही इथे दगडी चित्रघर बांधून देतो," दिवाणजी म्हणाला. "छप्पर आमचं, दिव्यांचं तेल आमचं. तुम्ही फक्त गोष्टी सांगा."

चित्रकथी एकमेकांकडे बघू लागले. भीमाक्का म्हणाली, "द्वारके, तू जा आणि नीट बोलून ये. तू हो म्हणालीस तर आमचंही हो."

द्वारका गेली. बोलणी छान झाली. उठता उठता दिवाणजी सहज बोलावं तसं बोलला, "आणि हो, चित्रघरात जी चित्रं दाखवली जातील, ती पेढीची. आमच्याकडे तशी रीतच आहे."

द्वारका थबकली. हे बाहेर सांगितलं तर भीमाक्का तिथल्या तिथे नाही म्हणेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"चित्रघराला एक कारभारीण लागेल," दिवाणजी पुढे म्हणाला. "तुमच्याशिवाय आहे कोण?"

द्वारकेने मान डोलावली. ती बाहेर आली तेव्हा सगळे वाट बघत उभे होते.

"काय म्हणाले गं?" भीमाक्काने विचारलं.

"सगळं ठीक आहे, अक्का. आपल्या गोष्टींना कुणी हात लावणार नाही."

सवडीने सांगू कधीतरी, असं तिने मनाशी म्हटलं. मग ते राहूनच गेलं. आणि राहून गेलेली गोष्ट रोज थोडी थोडी जड होत जाते, तशी तीही झाली.

चित्रघर झालं. काय त्याची शोभा! भिंती गुळगुळीत, दिवे काठोकाठ भरलेले. लांबलांबचे लोक बैलगाड्या जोडून येऊ लागले. द्वारकेला बसायला वेगळी खोली मिळाली, खाली गादी, पाठीला लोड. तिला ते आवडलं, खोटं कशाला सांगू?

पुढे पेढीचे एकेक निरोप येऊ लागले. गोष्टीच्या आधी पेढीच्या तेलाची दोन शब्दांत स्तुती करावी. काही दिवसांनी, गोष्टी आखूड कराव्यात, म्हणजे लोकांना जास्त पाहता येतील. मग, रडवणाऱ्या गोष्टी दुपारी सांगाव्यात, संध्याकाळी नकोत. प्रत्येक निरोप द्वारकाच सांगायची आणि दर वेळी म्हणायची, "मी काय करू? वरून आलंय."

सटवाजी नावाचा एक चित्रकथी होता. त्याच्या गोष्टी लांब आणि दुःखाच्या. त्याने एकदा विचारलं, "द्वारका, वर म्हणजे नेमकं कुठे?"

तिलाही ते माहीत नव्हतं.

एक दिवस दिवाणजी स्वतः येऊन कावळ्याची गोष्ट ऐकून गेला. लोक हसले, तो हसला नाही. खोलीत येऊन म्हणाला, "लोकांना मालकावर हसायला शिकवणारी गोष्ट मालकाच्याच घरात? शेवट बदला. कावळा विहीर राखतो, म्हणून कासव त्याचे आभार मानतं. असं चालेल."

द्वारकेने ते भीमाक्काला सांगितलं. भीमाक्का आधी हसली. मग द्वारकेचा चेहरा पाहून थांबली.

"अगं, माझं कासव असं बोलायचं नाही."

"मग काही दिवस येऊ नकोस, अक्का. जरा निवळलं की बोलावते."

"बरं," म्हणत भीमाक्काने चित्रं गोळा करून फडक्यात बांधायला घेतली. तेव्हा द्वारकेला ते बोलावंच लागलं.

"चित्रं इथेच ठेवावी लागतील."

भीमाक्काचे हात थांबले. "माझ्या हातची आहेत ही. नवरा गेला त्या वर्षी काढलेली."

"इथे दाखवलेली चित्रं पेढीची, असं ठरलंय."

"कधी ठरलं?"

द्वारका उगाचच लोड सरळ करू लागली. भीमाक्काला काय समजायचं ते समजलं. तिने गाठ सोडली, चित्रं गादीवर ठेवली, फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि गेली.

कावळ्याची गोष्ट मात्र लोक मागत राहिले. "तुम्हीच सांगा की," दिवाणजी द्वारकेला म्हणाला. आणि द्वारका सांगायला बसली. दिवे लागले, चित्रघर गच्च भरलं. तिने पहिलं चित्र उचललं आणि समोर पाहिलं, तर चौथऱ्याजवळ, बाकीच्यांसारखीच मांडी घालून, भीमाक्का बसली होती.

पळून जावं असं द्वारकेला वाटलं. पण तोंड सवयीने चालू झालं. कावळा आला, पाखरं घाबरली, कासव वर आलं. कासवाने हात जोडले आणि कावळ्याचे आभार मानले. कुणी हसलं नाही. पुढे बसलेली काही मुलं अजून काहीतरी यायचं असेल म्हणून चित्राकडे बघत राहिली. मग लोक पंचे झटकून उठले.

भीमाक्का जवळ आली. आता ही चार लोकांत शिव्या देणार, म्हणून द्वारकेने खांदे आवळून घेतले.

"कासव लवकर काढलंस," भीमाक्का हळू आवाजात म्हणाली. "आधी लोकांना विहिरीत वाकून बघू द्यायचं असतं. शिकवलं होतं ना तुला."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर द्वारकेला काहीतरी उत्तर देता आलं असतं. हातातलं चित्र कुठे ठेवावं हेही तिला कळेना. त्या घरात मान वर करून उभं राहणं तिला जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्या चित्रकथ्यांपुढे गेली आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. दिवाणजी काय बोलला ते, आपण काय लपवलं ते, आणि का लपवलं तेही. कुणी ओरडलं नाही. सटवाजीने एवढंच विचारलं, "म्हणजे माझीही चित्रं गेली?" आणि उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

द्वारकेने कारभार सोडला आणि चित्रं परत मागायला राजधानी गाठली. पेढीच्या पायरीवर ती ऊन उतरेपर्यंत बसून राहिली. शेवटी दिवाणजी बाहेर आला.

"बाई, उशीर केलात. तुम्ही कारभार सोडलात आणि पेढीने चित्रघर दुसऱ्या व्यापाऱ्याला विकलं. त्याला गोष्टींशी काही देणंघेणं नाही, कोठारासाठी जागा हवी होती."

"आणि चित्रं?"

"आतल्या सामानाबरोबर गेली असतील. आता ते माझ्या हातात नाही."

ती तशीच परत फिरली. चित्रघरात मिठाची पोती रचली होती. खालून ओल लागू नये म्हणून हमालांनी पोत्यांखाली हाताला येईल ते अंथरलं होतं, आणि हाताला चित्रंच आली होती. त्या बिचाऱ्यांना सांगणार तरी कोण? द्वारकेने गयावया करून, पोती हलवून, शोधशोध शोधलं. बाकीचा सगळा लगदा झाला होता. भीमाक्काचं एक चित्र कसंबसं अख्खं निघालं, तेही रंग उतरून पांढरं पडलेलं.

ते घेऊन ती भीमाक्काच्या दारात उभी राहिली. भीमाक्काने चित्र उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं. "हे कशाचं होतं, मलाच ओळखू येत नाही," ती म्हणाली.

"अक्का, तू सांग, मी नव्याने काढते."

"तुझा हात चित्राला बेताचाच." भीमाक्काने आपल्या थरथरणाऱ्या बोटांकडे पाहिलं. "पण माझा तर आता राहिलाच नाही. बस खाली. आणि तुला माफ केलं का, ते मात्र विचारू नकोस. माझं मलाच अजून कळलेलं नाही."

द्वारका बसली. त्यानंतर ती रोज बसली. भीमाक्का सांगे, ती काढी, भीमाक्का नाक मुरडे, ती पुसून पुन्हा काढी. सटवाजीचीही चित्रं तिने त्याला विचारून काढायला घेतली. गोष्ट सांगायला तिला कुणी बोलावलं नाही, आणि तिनेही मागितलं नाही.

पुढे चित्रकथ्यांनी नदीकाठी नवा मांडव घालायचं ठरवलं. जागेसाठी पाटलाकडे कुणीतरी जाऊन बोलायला हवं होतं. गावात द्वारकेइतकं चांगलं बोलणारं अजूनही कुणी नव्हतं. तिचं नाव कुणी काढलं नाही. सटवाजी गेला. बोलताना अडखळणारा माणूस तो. परत येऊन त्याने सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाला, "पाटील जागा देतोय. पण गुरांना पाण्याची वाट सोडायची, पुराच्या दिवसांत मांडव उतरवायचा, आणि पाटलाच्या घरच्या लग्नात फुकट गोष्ट सांगायची. हे तिसरं मला पटलेलं नाही. तुम्ही बोला, मग उद्या उत्तर देतो."

मग सगळे एकदम बोलू लागले, भांडूही लागले. द्वारका कडेला रंग खलत होती. सगळ्या अटी अशा उघड सांगायला किती थोडा वेळ लागतो, हे ती ऐकत होती. तिची मान खाली होती आणि ती तिने वर केली नाही.

दुसऱ्यांच्या वतीने हो म्हणणाऱ्याने एकही अट त्यांच्यापासून लपवू नये, कारण अट लपवली की ज्यांनी विश्वास टाकला तेच विकले गेलेले असतात.