प्लाक्षीने छद्मासुर कसा ओळखला

ज्या काळी धर्म चारही पायांवर उभा होता आणि देव हाकेच्या अंतरावर असत, त्या कृतयुगात सह्याद्रीच्या कुशीत, वेणुमती नदीच्या उगमापाशी, श्यामवन नावाचे एक निबिड अरण्य होते. ऐन, हिरडा, बेहडा आणि उंबर यांच्या विशाल छत्राखाली तेथे माध्यान्हीसुद्धा संध्याकाळ वाटे. कातळांवर शेवाळाची हिरवी आस्तरणे पसरलेली असत आणि वर्षाऋतूत पडलेल्या ओंडक्यांवर शुभ्र अळंबीचे घोस उमलत. त्या वनात उपमंथु नावाचे महातपस्वी आपली धर्मपत्नी प्लाक्षी आणि साठ शिष्य यांच्यासह आश्रम करून राहत होते. सारा आश्रम कंदमुळांवर आणि वन्य फळांवर जगे. त्यातले कोणते खावे, कोणते टाळावे, हे सर्वांना शिकवण्याचे काम प्लाक्षीचे होते.

एका आषाढात मात्र विपरीत घडले. प्लाक्षीने स्वहस्ते खणलेला, स्वहस्ते उकडलेला कंद उपमंथु मुनींनी भक्षण केला आणि सूर्यास्तापूर्वी त्यांचे प्राण गेले. चाळीस वर्षे ते हाच कंद खात आले होते. पुढच्या पंधरवड्यात दोन शिष्य करवंदासारखी फळे खाऊन गेले, त्याच्या पुढच्या पंधरवड्यात आणखी तिघे दुसरेच काही खाऊन. शोकाकुल ऋषींनी इंद्राचा धावा केला. श्रावणातल्या कृष्णाष्टमीस इंद्राज्ञेने साक्षात अग्निदेव श्यामवनाच्या सीमेवर येऊन उभे राहिले.

"मुनिजनहो," अग्निदेव म्हणाले, "हे छद्मासुराचे कृत्य आहे. ब्रह्मदेवाच्या वराने तो वनातल्या कोणत्याही सजीवाचे रूप घेतो आणि दर पौर्णिमेला व अमावास्येला ते बदलतो. जो त्याला खातो तो मरतो. शस्त्राने किंवा माझ्या ज्वालेने त्याला मृत्यू नाही. परंतु ज्यांची रूपे चोरायची तेच उरले नाहीत, तर तो राहील कशाच्या आड? म्हणून मी हे वन जाळणार. तुम्ही आजच बाहेर पडा."

ऋषी निमूटपणे दंड-कमंडलू उचलू लागले. प्लाक्षी मात्र वाटेत उभी राहिली.

"हे हुताशना, एका चोरासाठी सारा गाव जाळावा, हा कोणता न्याय? या वनात किती जीव आहेत ते तुला ठाऊक आहे का?"

"नाही. तुला ठाऊक आहे?"

"पुष्कळसे. उरलेले मी जाणून घेईन. असुराच्या वरात एखादी तरी फट असेलच, ती मला सांग."

अग्निदेवांनी तिच्याकडे निरखून पाहिले. "फट आहे. त्याने घेतलेल्या रूपाला स्पर्श करून जो त्याला त्याच्या नावाने हाक मारील, त्याच्यासमोर तो नष्ट होईल. पण साध्वी, निरपराध जीवाला चुकून त्या नावाने हाक मारणाऱ्याचा एक नेत्र तत्क्षणी जाईल. अशी संधी फार तर दोनदा मिळते."

"मला अमावास्येपर्यंतचा अवधी दे."

"दिला. त्या दिवशी सूर्य मावळताच मी वनात शिरेन."

दुसऱ्या दिवशी प्लाक्षीने घाई केली. कातळाच्या कपारीत कळलावी फुलली होती. तिच्या रक्तपीत पाकळ्या ज्वालांसारख्या वर वळल्या होत्या. तिचा कंद प्राणघातक असतो, हे प्लाक्षी जाणत होती. पतीच्या मृत्यूचा दाह उरात जळत होता. 'विष जिथे, वैरी तिथे,' असे म्हणून तिने त्या वेलीला हात लावला आणि ती गरजली, "छद्मासुरा, ओळखले मी तुला!"

वेल वाऱ्यावर नुसती हलली. प्लाक्षीच्या उजव्या नेत्रातील ज्योत मात्र कायमची मालवली.

वेदनेने ती तिथेच मटकन बसली. ऋषी धावत आले. "माते, पुरे झाले. उरलेला डोळा तरी राख," असे त्यांनी परोपरीने विनवले. तिने वल्कलाची पट्टी फाडून नेत्रावर बांधली. "मी द्वेषाने पाहिले, म्हणून चुकले," ती म्हणाली. "आता मी नुसती पाहणार आहे." ते निघून गेल्यावरही ती त्या वेलीजवळून उठली नाही. मग तिला दिसले की काळ्या अंगावर तांबडे-पांढरे ठिपके ल्यालेले सुरवंट त्याच विषारी पानांवर यथेच्छ चरत होते. ती चकित झाली. ज्या वेलीला तिने वैरीण ठरवले, ती कुणाचे तरी भोजन होती!

तेव्हा तिच्या मनात विचार उगवला. असुर रूप चोरील, रंग चोरील, गंधही चोरील. पण प्रत्येक जीवाभोवती त्याला खाणारे, त्यावर राहणारे, त्याच्या आधाराने वाढणारे जे गोत असते, ते तो कुठून आणणार?

त्या दिवसापासून प्लाक्षी गुडघ्यांवर वन फिरली. पाने उलटून तिने किड्यांची अंडी पाहिली, साल हुंगली, पक्षी कोणत्या फळावर बसतात आणि कोणते टाळतात ते पाहिले. जळवांनी पाय रक्ताळले, पावसाने वल्कले जड झाली; ती थांबली नाही. एकादशीस एका पडलेल्या ऐनाच्या खोडावर पांढऱ्या अळंबीची रांग तिला दिसली. अशी अळंबी आश्रमात नित्य शिजे. तिने ती मनात नोंदली आणि ती पुढे गेली.

चतुर्दशीस ती परतली, तेव्हा रांगेतली सारी छत्रे माना टाकून काळवंडली होती. गोगलगाईंनी त्यांच्या कडा कुरतडल्या होत्या, खालच्या पडद्यांत बारीक किडे वळवळत होते. मधले एकच छत्र मोत्यासारखे ताजे होते.

तिचा हात पुढे झाला आणि थबकला. कदाचित हे उशिरा उगवले असेल. पुन्हा चूक झाली, तर उरलेल्या आयुष्यात तिला एकही पान दिसणार नव्हते.

ती रात्रभर आणि अमावास्येचा सारा दिवस खोडापाशी बसून राहिली. एकही गोगलगाय त्या छत्राकडे फिरकली नाही. सूर्य कलला, वनसीमेवर आकाश तांबडे झाले आणि अग्निदेवांचा आवाज आला, "प्लाक्षी, वेळ संपली!"

तिने काडीने लाकूड उकरले. इतर अळंब्यांच्या बुडाशी ते भुसभुशीत झाले होते. अळंबी लाकडावर जगते, ते पोखरते. त्या एका छत्राखाली मात्र लाकूड दगडासारखे टणक होते. कशावरही न जगणारे ते जगत होते.

प्लाक्षीने त्यावर तळहात ठेवला. "तू अळंबी नव्हेस. तू छद्मासुर आहेस."

भयंकर आक्रोशाने दिशा कोंदल्या. ते छत्र फुटले आणि त्यातून धुरासारखी धूळ वनभर उधळली. त्या धुळीतून मरता मरता असुर बोलला, "स्त्रिये, मी मरतो, पण माझा शाप ऐक! माझी ही धूळ जिथे पडेल तिथे प्रत्येक खाद्याशेजारी त्याचे विषारी जुळे उगवेल. तुझी लेकरे पिढ्यानपिढ्या फसतील!"

अग्निदेव ज्वाला आवरून तिच्यापुढे आले. "माते, वन वाचले. शाप मागे घेणे माझ्या हाती नाही. पण देवांच्या वतीने एक वर देतो. तुझा नेत्र परत माग."

"एकच वर?"

"एकच."

"तर मग नेत्र राहू दे," प्लाक्षी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. "त्या प्रत्येक जुळ्याच्या अंगावर एक तरी खूण असू दे. देठाशी असो, पानाखाली असो, गंधात असो. जो धीराने पाहील, त्याला ती सापडावी."

"तथास्तु," अग्निदेव म्हणाले, "पण जो घाईने पाहील, त्याला मी वाचवू शकणार नाही."

तेव्हापासून वनात खाद्य आणि विष शेजारी शेजारी उगवतात, आणि त्यांच्यातला भेद कुठेतरी बारीकसा लिहिलेला असतो. म्हणून रानात शिरणारी जाणती माणसे अळंबी खुडण्याआधी ती उलटून पाहतात, देठाचे बूड उकरतात, हुंगतात, शेजारच्या झाडाकडे नजर टाकतात. आणि तिळभर जरी शंका उरली, तरी ती हात मागे घेतात व रिकामी टोपली घेऊन, पण जिवंत, घरी परततात.