वाकडा टाका आणि भोकाचं नाणं

डोंगराच्या पायथ्याशी, फुलपाखरं दुपारची विसाव्याला येतात तिथं, एक चिमुकलं गाव होतं. गावाच्या टोकाला एक चिमुकलं घर होतं आणि त्या घरात सोनकी नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. सोनकी आठ वर्षांची. केस पिंगट, झग्याला सात रंगांची सात ठिगळं, आणि वेणीत कायम खोचलेली एक बारीकशी सुई. आता सुई कुणी वेणीत खोचतं का? पण सोनकीची आई गोधड्या शिवायची ना! त्या घरात सुई हरवणं म्हणजे चूल विझणं, म्हणून सुईनं आपलं वेणीतच राहायचं.

हौसाबाईच्या, म्हणजे सोनकीच्या आईच्या गोधडीत झोपलं नाही असं बाळ त्या गावात शोधून सापडलं नसतं. गुलाबी, पोपटी, जांभळी, पिवळीधम्मक ठिगळं आणि त्यांवरून मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ, सुबक टाके!

पण अलीकडे आईला दिसेनासं होत होतं. आधी सुईचं भोक दिसेना. मग टाका दिसेना.

"सोने, दोरा ओवून दे गं. आज उजेडच कमी हाय बघ," आई म्हणायची. बाहेर तर लख्ख ऊन पडलेलं असायचं. सोनकी दोरा ओवून द्यायची.

रोज सकाळी आई उठायच्या आत सोनकी गोधडी उलगडायची. आईचे कालचे वाकडे टाके हळूच उसवायची आणि तिथं सरळ टाके घालायची. हाताला इतकी सवय झाली होती की वाकडा टाका दिसला रे दिसला, की बोटं आपोआप वेणीतल्या सुईकडे जायची. गावाला कळलं तर गोधड्या कोण शिवायला देणार? मग खायचं काय? या काळजीनं ती पोर झोपेतही दचकायची.

आणि एका दुपारी नको तेच झालं. सोनकी आईच्या अगदी समोर उभी होती, हातभर अंतरावर. आईनं मान वळवली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि विचारलं, "सोने, कुठं हाईस गं?"

"इथंच हाय, आई," कसंबसं म्हणून सोनकी घराबाहेर पडली आणि जी पळत सुटली, ती ओढ्यापलीकडच्या जुन्या फुलबागेत जाऊनच थांबली. तिथं शेवंतीच्या वाफ्यापाशी बसून ती हुंदके देऊन रडली.

"अगं अगं, माझ्या शेवंतीला खारं पाणी घालू नकोस! पाकळ्या आखडतात तिच्या," कुणीतरी नाजूक आवाजात म्हणालं.

सोनकीनं डोळे पुसून पाहिलं. एका पिवळ्या फुलावर अंगठ्याएवढी परी बसली होती! पंख निळे-जांभळे, उन्हात लुकलुकणारे. झगा शेवंतीच्या पाकळ्यांचा. आणि गळ्यात इवल्या इवल्या नाण्यांची माळ. एक नाणं दवाचं, एक पारिजातकाच्या केशरी देठाच्या रंगाचं, एक मोरपिशी... परी हलली की माळ किणकिण वाजायची.

"मी झुळझुळ परी," ती म्हणाली. "मला नाणी जमवायचा भारी नाद आहे. आणि तू कशाला गं रडतेस?"

सोनकीनं सगळं सांगून टाकलं. इतके दिवस तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. परी गाल फुगवून ऐकत राहिली. मग तिनं माळेतली दोन नाणी बोटांनी वेगळी केली. दोन्ही चांदण्याची, दोन्हींना मधोमध भोक, दोन्ही अगदी जुळी.

"ही एकाची दोन झालीत बघ. नाणी जमवणाऱ्यांचा रिवाज असा, की जास्तीचं नाणं ठेवून घ्यायचं नाही, द्यायचं. पण फुकट नाही हं! याच्या भोकातून पाहत एक इच्छा धरली, की ती खरी होते. मग नाण्याचं चांदणं जातं आणि उरतं साधं तांब्याचं नाणं. हवंय?"

सोनकीनं जोरानं मान डोलावली.

परीनं पंखाखालून एक तळहाताएवढी गोधडी काढून सोनकीच्या हातावर ठेवली. पिवळं, लाल, पांढरं, निळं, हिरवं, केशरी अशी चौकोनी ठिगळं, मधोमध सोनेरी सूर्याचं गोल ठिगळ आणि सगळीकडे बारीक पांढरे टाके.

"हे माझं गुपित. ही गोधडी म्हणजेच ही बाग. ठिगळं म्हणजे फुलांचे वाफे. टाके सांगतील तसं चालायचं, आणि अगदी शेवटचा टाका मी मुद्दाम सोडलाय, तो तू घालायचास. तो एकदाच घालता येतो. तो नीट पडला, की नाणं तुझं. आता नियम ऐक. त्या कुंपणावरची सगळी गुलबक्षी उमलायच्या आत हे सगळं व्हायला हवं. आणि या बागेत खोटं बोलायचं नाही, काही लपवायचं नाही. लपवलंस तर नाण्याचा वाळका पाचोळा होईल."

सोनकीनं कुंपणाकडे पाहिलं. गुलबक्षीच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या होत्या. पण ऊन तर कलायला लागलं होतं!

"कितीजण आले आणि गेले," परी हसत म्हणाली. "एक शास्त्रीबुवा आले होते, एक राजपुत्र आला होता. सगळे मधल्या सूर्यापासून चालायला लागले आणि थेट खाजकुइलीत जाऊन पडले. राजपुत्र तर अजून खाजवतोय म्हणे!"

एरवी सोनकी खुदकन हसली असती. आत्ता तिला हसू आलं नाही. तिनं गोधडीच्या कडेवर बोट ठेवलं. सूर्य कितीही झळझळीत असला तरी गोधडी कुणी मधून शिवतं का? आई नेहमी काठाकडून सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्ये यायची. म्हणजे वाटही काठावरूनच निघत असणार! एका कोपऱ्यात दोऱ्याची इवलीशी गाठ तिला सापडली. तीच सुरुवात.

पिवळ्या ठिगळावर अकरा टाके. सोनकी शेवंतीच्या कडेनं अकरा पावलं चालली. लाल ठिगळावर सात. ती जास्वंदीपाशी सात पावलं चालली. पांढऱ्यावर नऊ. मोगऱ्याचा वास दरवळत होता, पण तिचं लक्ष पुन्हापुन्हा कुंपणाकडे जात होतं. कळ्यांची टोकं गुलाबी दिसायला लागली होती. चल, सोनके, चल! निळं ठिगळ, म्हणजे गोकर्णाचा वेल. एक, दोन, तीन, चार, आणि हा पाचवा टाका...

पाचवा टाका वाकडा होता.

आणि मग झालं काय, तर सोनकीच्या बोटांनी विचारलंच नाही. वेणीतली सुई हातात आली, टाका उसवला गेला, दोरा ओढला गेला, आणि एक छान सरळ टाका तिथं बसलासुद्धा! सुई परत वेणीत खोचताना कुठं तिच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो.

तो टाका चुकून वाकडा झालेला नव्हता. तिथं वळायचं होतं! पण डावीकडे की उजवीकडे? डावीकडे केळीचं बन होतं, उजवीकडे खाजकुइलीचं रान. सोनकी स्वतःलाच रागावली. कशाला हात लावलास? कशाला? आता आईचे डोळे गेले, ते तुझ्यामुळे गेले!

परी लांब शेवंतीवर बसून आपली नाणी पुसत होती. तिला काहीच कळलेलं नव्हतं. गप्प राहावं, अंदाजानं एकीकडे वळावं, कुणाला कळतंय? असं क्षणभर सोनकीच्या मनात आलं. मग ती धावत परीकडे गेली.

"परीताई, मी तुमचा टाका उसवला. वाकडा दिसला म्हणून सरळ केला. मुद्दाम नाही केला हो, हाताला सवय लागलीय. आता वाट कळंना झालीय."

परीनं गोधडी पाहिली. तिचा चेहरा एवढासा झाला. "बाई गं! आणि माझ्याकडे दुसरी नाही. कुठं वळायचं ते मी सांगू शकत नाही, सांगितलं तर गुपितच मोडतं. पण तू लपवलं नाहीस, म्हणून तुझा खेळ संपलेला नाही. बघ काही सुचतंय का."

कुंपणावर पहिली कळी सैल झाली होती. सोनकीनं गोधडी डोळ्यांजवळ नेली, उन्हात धरली, वाकडी केली. काही दिसेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आता तर ठिगळंही धूसर झाली.

धूसर! आईला असंच दिसतं. मग आई कशी शिवते? बोटांनी चाचपून!

सोनकीनं डोळे मिटले आणि बोटाचं टोक निळ्या कापडावरून अगदी हलकं फिरवलं. टाका उसवला तरी सुईची भोकं थोडीच लगेच बुजतात! इथं एक टोचल्यासारखं लागलं. आणि हे दुसरं, त्याच्या खाली, डावीकडे! तिनं आपला सरळ टाका काढला आणि त्याच दोन भोकांतून वाकडा टाका जसाच्या तसा घातला. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मुद्दाम टाका वाकडा घातला होता.

डावीकडे. गोकर्णापाशी परत येऊन केळीच्या बनातून तेरा पावलं, झेंडूपाशी सहा, आणि ती बागेच्या मधोमध एका गोल दगडापाशी पोचली. दगडावर उन्हाचा सोनेरी कवडसा पडला होता. हाच सूर्य! गोधडीवरचं सोनेरी ठिगळ एका बाजूनं उघडंच होतं, आणि तिथंच दोरा लोंबत होता. एक टाका घातला की झालं.

कुंपणावर दोन फुलं उमलली होती. तीन. चार.

सोनकीनं घाईघाईनं सुईत दोरा ओवला, ठिगळाची कड दाबून धरली, सुईचं टोक कापडात घुसवलं. आणि तिचा हात थांबला. आईचा आवाज कानात आला. प्रत्येक गोधडीच्या शेवटी आई हेच म्हणायची, "थांब, सोने. उपाशीपोटी मिटवायची नाय. तिनं जल्मभर दुसऱ्याला ऊब द्यायची, मग तिच्या पोटात घास नको व्हय?" आणि भाकरीचा तुकडा मध्ये ठेवून मगच शेवटचा टाका पडायचा.

सोनकीच्या झग्याच्या खिशात चतकोर भाकरी होती. आईनं सकाळी आपल्या वाट्याची काढून दिलेली. सोनकीनं ती संध्याकाळी आईलाच परत द्यायची म्हणून राखून ठेवली होती आणि स्वतः काहीच खाल्लं नव्हतं. पोटात कावळे कोकलत होते. पाचवं फूल उमललं. सहावं! पण ही एवढीशी गोधडी उपाशी कशी मिटवायची?

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, सोनेरी ठिगळाखाली ठेवला, आणि शेवटचा टाका घातला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग गोधडी गरम लागायला लागली, ठिगळांतून पिवळा, लाल, निळा उजेड झिरपायला लागला, आणि सोनेरी सूर्यातून एक नाणं टुणकन उडी मारून तिच्या तळहातावर पडलं. चांदण्याचं, भोकाचं, गारगार.

"तीनशे वर्षं झाली मला ही गोधडी शिवून," परी म्हणाली, आणि तिचे डोळे पाणावले होते. "तीनशे वर्षं उपाशी होती बिचारी. तिला घास भरवणारं कुणीतरी यावं, एवढंच माझं गुपित होतं. जा, बाळ. आई वाट बघत असेल."

कुंपणावरची उरलेली गुलबक्षी एकदम उमलली. परीचे पंख निळे झाले, मग जांभळे, मग नुसतेच झगझगीत, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली. हवेत थोडा वेळ किणकिण ऐकू येत राहिली.

सोनकी घरी पोचली तेव्हा आई उंबऱ्यावर बसून गोधडी चाचपत होती. "आलीस का गं? कुठं गेली हुतीस?" आईनं विचारलं, भलत्याच दिशेला बघत.

सोनकीनं नाणं डोळ्याला लावलं आणि भोकातून आईकडे पाहिलं. माझ्या आईला दिसू दे. एवढंच ती मनात म्हणाली. तिच्या हातातलं चांदणं विझलं, आणि नाणं तांबूस झालं.

आईनं पापण्या मिटल्या, उघडल्या. पुन्हा मिटल्या. मग ती मांडीवरच्या गोधडीकडे बघतच राहिली. सोनकी एक पाऊल पुढं सरकली. दिसलं का? का नाही दिसलं? आई बोलत का नाही?

"सोने," आई शेवटी म्हणाली, "हितनं तितवर हे टाके माझे न्हाईत. तुझे हाईत. रोज सकाळी उसवतीस व्हय गं? मला बोटांनी कळायचं, पर मी गप ऱ्हायची." मग तिनं गोधडी आणखी जवळ घेतली, भुवया उंचावल्या आणि एका जागी बोट ठेवलं. "आणि हा बघ. हा तुझा टाका वाकडा हाय. असं शिकवलंय का मी तुला?"

आणि सोनकी, इतक्या महिन्यांनी रागावून घेतलेली सोनकी, अंगणात नाचायलाच लागली.