मामंजींची कुंची

आमच्या वाकणगावच्या वेशीबाहेर, उंबराखाली एक दगड आहे. बसलेल्या माणसाएवढा, गुडघे पोटाशी घेतल्यासारखा. त्याच्या डोक्यावर कुंची असते, म्हणजे तान्ह्या मुलाला घालतात ती झालरीची, पाठीवर सोडलेली टोपी. दगडाला ती पुरत नाही. नुसती टाळूवर बसते, आणि बंद लोंबत राहतात. बाहेरून येणारे लोक ती बघून हसतात.

कोजागरीनंतरच्या मंगळवारी आलेले तर जास्तच हसतात. त्या दिवशी गावातली नुकती चालायला लागलेली पोरं सोंगं घेऊन फिरतात. कुणी काजळाच्या मिशा काढलेला पाटील, कुणी पोटावर चामड्याची पिशवी लटकवलेला कंडक्टर, कुणी नऊवारीत गुंडाळलेली रुसलेली विहीणबाई. यंदा सुतारांच्या पोरीला वकील केलं होतं. काळ्या कोटाच्या बाह्या जमिनीवर लोळत होत्या, आणि थोडं चाललं की वकीलसाहेब धपकन खाली बसत होते. पण एक गोष्ट पाहुण्यांच्या उशिरा लक्षात येते. पोर पडलं तरी त्याला कुणी उचलत नाही.

पुण्याहून लहान मुलाला घेऊन आलेल्या एका बाईंनी वकीलसाहेबांना उचलायला हात पुढे केला, तेव्हा दगडापाशी बसलेले शिदूआबा म्हणाले, "राहू द्या, ताई. आज उचलायचं नसतं. उठेल ती."

"पण का? आणि हा देव कुठला?"

"देव न्हाई. म्हातारा हाये," आबा म्हणाले. "बसा, सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी एका वर्षी गावात खोकला आला. लहान पोरांनाच व्हायचा. पोर खोकून खोकून निळं पडायचं. लोक म्हणत, हा नुसता खोकला नाही, झोळकरीण फिरते आहे. ती भर दुपारी यायची म्हणे, हिरवं लुगडं नेसून, खांद्याला झोळी अडकवून. दारात उभी राहून विचारायची, "घरात लहान कोण?" तिला डोळ्यांनी धड दिसत नसे. माणसाला लोक कसं वागवतात, त्यावरून ती ओळखायची. ज्याच्यासाठी उठून उभं राहतात तो मोठा, ज्याला उचलून घेतात तो लहान. आणि ज्या घरात शिरली त्या घरातून रिकामी झोळी घेऊन ती परत जात नसे.

त्या गावात भागा नावाची एक सून होती. तिची आधीची लेकरं गेली होती. उरलेल्या एकाला तिने उकिरड्यावर लोळवून आणलं, नाव केरू ठेवलं, नाक टोचलं, म्हणजे नको असलेलं पोर समजून कुणी त्याच्याकडे बघू नये. तिचा नवरा मिठासाठी बैल घेऊन घाटाखाली गेला होता. सासू केव्हाच वारली होती. घरात ती, केरू आणि सासरा बयाजी, एवढेच.

त्या काळी सून सासऱ्याशी बोलत नसे. तो दाराशी आला की आधी खाकरायचा, आणि ती डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. लग्न होऊन आल्यापासून भागाने बयाजीचा चेहराही नीट पाहिला नव्हता, असं सांगतात. लाल पागोटं आणि खाकरणं, एवढाच सासरा तिला माहीत.

त्या वर्षी कोजागरीनंतरच्या मंगळवारी सकाळी केरू खोकायला लागला.

भागाने आधी त्याला परकर नेसवला. मग तो काढून अंगाला गोणपाट गुंडाळलं. मग भोपळा कोरून डोक्यावर बसवला, तर भोपळा नाकापर्यंत उतरला आणि केरू भिंतीवर जाऊन आपटला. शेजारची शेवंता कुडाआडून बघत होती.

"पोराला तमाशात धाडतीस का गं?" ती म्हणाली.

"हस तू," भागा म्हणाली. "तुझ्या घरी ती आली तेव्हा काय झालं, ते मला सांग."

शेवंताचं हसू गेलं. "माझी धुरपी अंगणात खेळत होती. मी आईच ना. धावले, उचलून पोटाशी धरली. तिथंच तिला कळलं." मग खालच्या आवाजात म्हणाली, "उचलू नको, भागा. काय वाटेल ते झालं तरी उचलू नको."

भागाला तेव्हा पागोट्याचं सुचलं. पण मागणार कसं? ती भिंतीआड उभी राहिली आणि पोराला म्हणाली, "केरू, आजोबांना म्हणावं, पागोटं पाहिजे."

ओसरीवरून बयाजी बोलला, तोही केरूलाच. "आईला म्हणावं, घे. इतकी वर्षं डोकंच तापवलंय त्यानं."

पागोटं कोनाड्यापाशी आलं. भागाने ते केरूच्या डोक्यावर चढवलं, तव्याच्या काजळीने गालभर मिशा काढल्या, हातात काठी दिली. केरू त्या वजनाने एका बाजूला कलायचा, सावरायचा, पुन्हा कलायचा. एवढंसं ते म्हातारपण बघून कुणालाही हसू आलं असतं. भागाला आलं नाही.

थोड्या वेळाने बयाजी पुन्हा बोलला. "केरू, आईला विचार. झोळी रिकामी जात न्हाई, हे तिला ठाऊक हाये का?"

मग म्हातारा उठून माजघरात गेला. तिने पदर ओढून घेतला होता, तो काय घेऊन गेला ते तिने पाहिलं नाही.

ऊन डोक्यावर आलं आणि दारात हिरवं लुगडं दिसलं.

"घरात लहान कोण?"

केरू ओसरीवर उभा होता. तो त्या बाईकडे बघत राहिला, मग त्याने दोन्ही हात वर केले आणि आईकडे वळून म्हणाला, "घे."

भागाने स्वतःचे हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. केरू पुन्हा म्हणाला, "आई, घे." पागोटं कपाळावर घसरलं होतं. झोळकरीण पायरी चढून वर आली. तिने वाकून वास घेतल्यासारखं केलं आणि हात पुढे केला.

तेवढ्यात केरूला खोकला आला. तोंडावर पागोट्याचा पदर आल्याने तो आवाज आत कोंडला आणि घोगरा होऊन बाहेर पडला.

लाल पागोटं, आणि खाकरणं. भागाने विचार केला नाही. इतक्या वर्षांची सवय तिच्या हातात होती. ती झटकन बाजूला झाली, डोक्यावरून पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तोंडातून आपसूक निघालं, "मामंजी आले."

झोळकरीण थबकली. तीही कधीकाळी कुणाची तरी सून असेल. तिचा पुढे आलेला हात मागे गेला, आणि म्हणे तिनेही घाईघाईने आपला पदर डोक्यावर घेतला. केरूला वाट देऊन ती कडेला उभी राहिली. तो डुलत डुलत तिच्यासमोरून अंगणात गेला.

मग ती म्हणाली, "पण मग लहान कोण?"

माजघरातून कण्हण्याचा आवाज आला. आढ्याला केरूची निजायची झोळी टांगलेली असायची, ती जमिनीला टेकेल एवढी खाली आली होती. भागा धावत आत गेली. झोळीत बयाजी होता. गुडघे पोटाशी घेतलेला, अंगठा तोंडात, आणि डोक्यावर केरूची कुंची. ती त्याच्या टाळूवर जेमतेम बसली होती. पांढऱ्या दाढीखाली बंद बांधायचा प्रयत्न केला होता, पण ते पोचले नव्हते.

त्या वेळी भागाने सासऱ्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला, असं सांगतात.

झोळकरीण मागे येऊन उभी होती. वाट बघत होती, ही याला कसं वागवते. भागाचा हात सवयीने पदराकडे निघाला. बयाजी तिच्याकडे बघत होता. त्याने हळूच मान हलवली. नको.

पदर तोंडावर ओढला असता, तर सासरा वाचला असता, आणि अंगणात काठी टाकून मातीत बसलेला केरू गेला असता.

भागाने पदर डोक्यावरून खाली सोडला. ती झोळीपाशी बसली, म्हाताऱ्याच्या छातीवर हात ठेवून थोपटायला लागली आणि म्हणाली, "उगी. उगी, माझ्या बाळा."

तिने मामंजींशी बोललेले तेवढेच शब्द.

झोळकरणीने झोळी आढ्यापासून सोडवली आणि खांद्याला लावली. वेशीपर्यंत ती नीट गेली. तिथे झोळी जड व्हायला लागली. उंबराखाली तिने ती टेकवली, पुन्हा उचलायला गेली, तर उचलेना. आत बघितलं तर दगड. त्यानंतर ती या गावात आली नाही म्हणे. केरूचा खोकला संध्याकाळपर्यंत उतरला. भागा मात्र दिवेलागणीपर्यंत दगडापाशी थोपटत बसली होती, आणि केरू पागोटं घालून शेजारी झोपून गेला होता.

आबांनी सांगणं संपवलं तेव्हा पुण्याच्या बाईंनी आपल्या मुलाचा हात सोडून दिला होता. तो दगडाभोवती फिरत होता.

आजही त्या मंगळवारी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला कुंची घालून दगडाशेजारी बसवतात. सोंग घेतलेलं पोर समोरून गेलं की आयाबाया पदर, नाहीतर ओढणी डोक्यावर घेतात आणि म्हणतात, "बसा, मामंजी." आणि गावातली प्रत्येक सून कुंचीतल्या म्हाताऱ्यापुढे उघड्या डोक्याने वाकते, त्याला थोपटते आणि "उगी" म्हणते. यंदा ती कुंची शिदूआबांच्या डोक्यावर होती. त्यांच्या घरात नवीन आलेल्या सुनेला "उगी" म्हणताना हसू आवरेना. मग आबांनी डोळे मिटले, आणि ती थोपटत राहिली.