नदी ओलांडणारा मुलगा

ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. राजाचं नाव विसरलं, राणीचं विसरलं. दोन नावं मात्र लोकांनी जपून ठेवली. ती राजघराण्यातली नव्हती, तरी का जपली, ते ऐका.

एका उंच डोंगरावर गड होता. वरच्या बालेकिल्ल्यात राजा आणि राणी राहत. खालच्या माचीवर एका वेगळ्या वाड्यात कस्तुरा राहत असे. ती गाणारी होती. सोळाव्या वर्षी राजानं तिला गडावर आणलं आणि ठेवून घेतलं. तिला सोनं होतं, दासी होत्या, बाहेर जायला मेणा होता. गळ्यात मंगळसूत्र मात्र नव्हतं. दिवसा बायका तिच्या पैठणीकडे बघत आणि संध्याकाळी तिच्या नावानं बोटं मोडत.

तिला राजापासून एक मुलगा झाला. त्याचं नाव सुभानजी. अशा मुलांना तिथे लेकावळे म्हणत. लेकावळ्यानं तलवार शिकावी, लढाईत पुढे राहावं, जखमा झेलाव्यात; पण दरबारात त्याचं नाव पुकारताना बापाचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत होती. सुभानजीनं हे सगळं सोसलं. वीस वर्षांचा झाला तेव्हा निम्मी फौज त्याच्या शब्दावर चालत होती.

राणीला फार उशिरा मुलगा झाला. तो रांगायला लागला आणि राजा तापानं गेला.

दहाव्या दिवशी दिवाण कस्तुराच्या वाड्यात आला. सुभानजी तिथेच उभा होता.

दिवाण म्हणाला, "बाई, रीत तुम्हाला ठाऊक आहे. तेरावा झाला की ठेवलेल्या बायकांनी आणि त्यांच्या मुलांनी नेसत्या वस्त्रानिशी गड उतरायचा. पण गादीला आज तलवार धरणारा माणूस हवा आहे. तुम्ही हो म्हणा, सुभानजी राजा होतील."

"आणि युवराज?" कस्तुरानं विचारलं.

दिवाणानं खिडकीबाहेर पाहिलं. "लहान मुलं आजारी पडतात," तो म्हणाला.

कस्तुरानं मुलाकडे पाहिलं. सुभानजी म्हणाला, "वीस वर्षं लोकांनी मला लेकावळा म्हटलं, त्यानं मी मेलो नाही. पण भावाला मारणारा म्हणून मला जगता यायचं नाही. दिवाणजी, आपण जा."

दिवाण गेला तो थेट राणीकडे. तिला त्यानं उलटंच सांगितलं, "राणीसाहेब, सुभानजी गादी घ्यायला निघालाय. युवराजांना जपा."

राणी घाबरली. तिनं बालेकिल्ल्याचे दरवाजे बंद करून घेतले. खाली फौज, वर राणी. आता भावाभावांत रक्त सांडणार, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरा एकटी, अनवाणी, चढण चढून दरवाजाशी येऊन उभी राहिली. राणी वरच्या सज्जात आली. पंचवीस वर्षं दोघी एकाच गडावर होत्या, पण एकमेकींशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"राणीसाहेब, माझा मुलगा युवराजांच्या केसालाही धक्का लावणार नाही."

"तुझ्या शब्दावर मी कशी विसंबू?"

"शब्दावर विसंबू नका. मलाच ठेवून घ्या," कस्तुरा म्हणाली. "सुभानजी गडाखालच्या नदीपलीकडे जाईल आणि तिथून राज्याची सीमा राखील. तो फौज घेऊन नदीच्या अलीकडे आला, तर माझं डोकं उडवा."

राणीनं अट मान्य केली. कस्तुरा आत गेली, दरवाजा लागला. सुभानजीनं आईच्या दिशेनं एकदा हात जोडले आणि तो नदीपार झाला.

तीन वर्षं गेली. कस्तुरा एका खोलीत राहिली. दारावर पहारा असे. तिनं ना कधी गाऱ्हाणं केलं, ना मुलाला एकदाही निरोप धाडला. सुभानजीनं सीमा अशी राखली की शेजारच्या राजाला एक वासरूसुद्धा पळवून नेता आलं नाही.

दिवाणाच्या मनात मात्र विष होतंच. त्यानं शेजारच्या राजाशी संधान बांधलं आणि गडामागच्या घाटाची अवघड वाट त्याला दाखवून दिली. त्या वाटेनं शत्रू चढू लागला.

एका धनगरानं ते पाहिलं आणि धावत जाऊन सुभानजीला सांगितलं. सुभानजीनं ताबडतोब राणीकडे स्वार पाठवला. दिवाणाच्या माणसांनी तो गडाच्या पहिल्याच दरवाजाशी पकडून डांबला. सकाळची दुपार झाली, तरी उत्तर आलं नाही.

सुभानजी नदीच्या काठावर बसला. इथेच थांबावं, तर संध्याकाळपर्यंत गड पडणार आणि चार वर्षांचा भाऊ मारला जाणार. नदी ओलांडावी, तर आई मरणार. तो किती वेळ बसला होता कोण जाणे. मग तो उठला, घोड्यावर चढला आणि त्यानं घोडा पाण्यात घातला. गडाकडे त्यानं मान वर करून पाहिलं नाही. मागून येणाऱ्या हजार स्वारांना ठाऊक होतं की आपला सरदार काय करतो आहे. तरी तेही त्याच्यामागून पाण्यात उतरले.

गडावर नगारा वाजला. राणी तटावर आली. खाली फौज नदी ओलांडत होती.

"मी सांगितलं नव्हतं?" दिवाण म्हणाला. "आता अटीप्रमाणे करा. आत्ताच्या आत्ता."

कस्तुराला तटावर आणलं. तिनं खाली पाहिलं. मुलाला तिनं तीन वर्षांनी पाहिलं, तेही एवढ्या लांबून. तरी घोड्यावरची बैठक पाहून तिनं त्याला ओळखलं.

"तुझा मुलगा आला," राणी म्हणाली. "काय म्हणणं आहे तुझं?"

"काही नाही. अट ती अट. मान उडवा," कस्तुरा शांतपणे म्हणाली. "फक्त त्यानंतर एक करा. दरवाजे उघडा आणि त्याला आत घ्या."

"आत घेऊ? ज्यानं वचन मोडलं त्याला?"

"राणीसाहेब, पाण्यात पाऊल टाकलं की आई मरणार, हे माझ्या मुलाला ठाऊक आहे. तरी त्यानं टाकलं. माझ्या जिवापेक्षा मोठं काहीतरी बुडत असल्याशिवाय तो यायचा नाही. ते काय आहे, ते आधी बघा. माझं काय, मी इथेच आहे."

तटावरचे शिपाई तिच्याकडे बघतच राहिले. तलवार उपसून उभ्या असलेल्या माणसाचा हात आपोआप खाली आला.

"वेळ दवडू नका राणीसाहेब!" दिवाण ओरडला. "आधी शिक्षा!"

राणीनं पहिल्यांदाच दिवाणाकडे नीट पाहिलं. ह्याला एवढी घाई कशाची? तिनं आपल्या हवालदाराला मागच्या बुरजावर पिटाळलं. तो धापा टाकत परत आला. "घाटात भालेच भाले आहेत! मुंग्या चढाव्यात तशी माणसं चढताहेत!"

"दरवाजे उघडा," राणी म्हणाली.

सुभानजीची फौज गडातून वाऱ्यासारखी गेली आणि मागच्या बुरजावर जाऊन भिडली. दिवस मावळायच्या आत शत्रू घाट उतरून पळाला. दिवाण चोरदरवाजाची किल्ली हातात असतानाच सापडला. त्याला राज्याबाहेर हाकललं, आणि ज्या शेजाऱ्यासाठी त्यानं घर फोडलं, त्या शेजाऱ्यानंही त्याला दारात उभं केलं नाही.

लढाई संपल्यावर सुभानजी राणीपुढे आला. अंगावर चार जखमा होत्या. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "युवराज सुखरूप आहेत, एवढं पुरे. माझ्या आईचा देह कुठे ठेवलाय? मला अग्नी द्यायचाय."

राणी बाजूला झाली. मागे कस्तुरा उभी होती.

चार जखमा झेलून ताठ उभा असलेला तो माणूस लहान मुलासारखा खाली बसला. "आई, मी तुला मारलंच होतं गं," तो म्हणाला. "घोडा पाण्यात घातला तेव्हाच मारलं होतं."

कस्तुरानं त्याचं डोकं पोटाशी धरलं. "तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली, "की माझं दूध वाया गेलं नाही."

मग सगळ्या गडानं एक नवल पाहिलं. राज्याची राणी वाकली आणि तिनं कस्तुराच्या अनवाणी पायांवर डोकं ठेवलं. ज्या बायका इतकी वर्षं बोटं मोडत आल्या होत्या, त्यांनी नकळत पदर डोक्यावर घेतले आणि हात जोडले.

राणीनं मुलाला सुभानजीच्या मांडीवर बसवलं. बारा वर्षं सुभानजीनं त्याच्या नावानं राज्य चालवलं. भाऊ सोळा वर्षांचा झाला, त्या दिवशी सकाळी सुभानजीनं राजमुद्रा त्याच्या हातात ठेवली, मुजरा केला आणि तो पुन्हा आपल्या सीमेवर निघून गेला.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: कोणत्या दारी जन्मावं हे माणसाच्या हाती नसतं, पण कसोटीच्या घडीला कसं वागावं हे असतं, आणि माणसाचं कूळ तिथेच ठरतं.