पिसाहून जड काळीज

एका राज्यात, वाळूच्या कडेनं वाहणारी नदी होती मोठी, आणि राजाचा गर्व नदीहून मोठा. राजाचं नाव वज्रबाहू. त्यानं देवळाच्या भिंतीवर चित्र काढायला सांगितलं. ससाण्याच्या तोंडाचा देव, हाती तराजू, एका पारड्यात माणसाचं काळीज, दुसऱ्यात पीस, आणि शेजारी साक्षीला बगळा. मेल्यावर ज्याचं काळीज पिसाला भारी पडत नाही, तो सूर्याच्या नावेत बसतो, असा त्या चित्राचा अर्थ. राजा म्हणाला, "काळीज माझं काढा, आणि पारडं वर दाखवा."

चित्र रंगवलं रंभाजी चिताऱ्यानं. चिताऱ्यांची रीत अशी, की देवाचा डोळा शेवटी रंगवून उघडायचा, आणि त्याआधी चित्राच्या कानात सांगायचं, "हे खरं आहे." रंभाजी राजाला भ्याला, खोट्यालाच खरं म्हणाला. डोळा उघडला, देवानं मान वळवली, आणि रंभाजी कुंचल्यासकट भिंतीत गेला. चित्र होऊन उभा राहिला. त्याच घटकेला नदी आटली.

त्याची बायको केतकाई तरातरा आली. "बरं झालं! राजापुढं शेपूट घालता काय?" मग पदर डोळ्यांना लावला. "आता बाहेर या, धनी. घर खायला उठतं."

चित्रातला बगळा बोलला, "बाई, नागाखालचा निळा रंग आण, सूर्य ढकलणाऱ्या शेणकिड्याचं सोनं आण, आणि राजाचं खरं काळीज आण. मग सुटेल."

कोरड्या नदीत नाग बसला होता. म्हणाला, "जीव घेईन."

"घे. पण आधी रंग दे, नवरा सोडवायचाय. मग निवांत घे."

नागाला हसू आलं. तो सरकला.

शेणकिडा वाळूच्या टेकाडावर सूर्य ढकलून दमला होता. केतकाईनं ओचा खोचला, खांदा लावला. सूर्य वर गेला, तिच्या तळव्यांना सोनं लागलं.

मग ती दरबारात शिरली. "महाराज, चला. काळीज जड आहे म्हणून देवाला सांगा."

"मान उडवीन!"

"उडवा. मग पाणी कोण आणील? राणीसाहेब रिकामी घागर हलवून बघतायत."

राजा उठला. चित्रापुढं उभा राहिला. "गादीसाठी मी सख्ख्या भावाला कोंडलं." चित्रातलं पारडं धाडकन खाली आलं.

"मी बुडालो," राजा म्हणाला.

"तोलतात मेल्यावर," बगळा म्हणाला. "तू अजून जिता आहेस."

राजा स्वतः धावला, कोठडी उघडली, भावाच्या पायांवर पडला. भावानं आधी शिव्या दिल्या, मग उठवला. इकडं पारडं हलत हलत पिसाच्या बरोबरीला आलं. केतकाईनं जुना डोळा पुसला, चित्राच्या कानाशी तोंड नेलं, "हे खरं आहे," म्हणाली, आणि निळ्या रंगानं डोळा भरून सोन्याची कड ओढली. देवानं पापणी मिटली, उघडली. रंभाजी धप्पकन खाली पडला.

"केतके, फार वेळ लागला का गं?"

"उठा. नदीला पाणी येतंय, देवळात शिरेल."

नदी भरली, नावा सुटल्या, भाऊ भावाच्या ताटात जेवला. तसं तुमचंआमचं जेवण गोड होवो.