काझालेंताची निजलेली माता

काझालेंता हे गाव इटलीच्या मधल्या डोंगरांत इतके उंच वसले आहे, की गाडी खाली ठेवून शेवटची चढण पायीच चढावी लागते. माणूस चर्चच्या दारात पोचतो तो धापा टाकतच. दारात नुन्झियाबाई किल्ली घेऊन उभ्या असतात. ऐंशी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी साथ सोडलेली, पण येणाऱ्याला आधी बसायला सांगतात. आत बाक नाही, खुर्ची नाही. बसायचे ते जमिनीवर, भिंतीला टेकून. पाहुण्यांना जरा अवघड वाटते. "बसा हो," त्या म्हणतात, "इथं उभं राहून कुणाचं भलं झालेलं नाही."

चर्च लहान आणि बुटके आहे. बाहेरून पाहिले तर धान्याचे कोठार वाटावे. उजव्या भिंतीवर बाण लागलेला संत सेबास्तियान आहे, त्याचा एक पाय ओलीने खाल्ला आहे. वेदीमागे लाकडी क्रूस आहे. छतावर निळ्या रंगात सोनेरी तारे होते, त्यातले थोडेच उरले आहेत. पण लोक येतात ते डाव्या भिंतीवरची मारिया पाहायला. ती दगडी आसनावर बसली आहे, मांडीवर बाळ येशू. चित्र इतके खाली काढले आहे, की तिचा चेहरा बरोबर आपल्या चेहऱ्यासमोर येतो. बाळ टक्क जागे आहे आणि आपल्याकडे पाहते आहे. मारियाचे डोळे मात्र मिटलेले आहेत. मान कलली आहे, ओठ किंचित सुटले आहेत. प्रार्थना करणारी बाई अशी दिसत नाही. ती सरळसरळ झोपली आहे.

देवाच्या आईला झोपवण्याची हिंमत कुणाची झाली, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. मग नुन्झियाबाई गुडघा चोळत सांगायला लागतात.

फार वर्षांपूर्वी या डोंगरांत प्लेगची साथ आली, असे सांगतात. साथ तशी सगळीकडेच होती, पण काझालेंतात तिची एक वाईट खोड होती म्हणे. ती माणसाला झोपेत गाठायची. धडधाकट निजलेला माणूस सकाळी उठत नसे. हळूहळू गावाने झोपेचाच धसका घेतला. लोक एकमेकांना चिमटे काढत जागे राहू लागले. दिवसाही कुणाची मान कलली, तर शेजारी त्याला गदागदा हलवत.

याच गावात ओर्सोला नावाची एक बाई होती. नवरा आणि थोरला मुलगा एकाच आठवड्यात गेले. त्यांच्या उशाशी तीच बसली होती. डोळ्यात तेल घालून बसली होती, तरी पहाटे जरा पापणी मिटली, आणि उघडली तेव्हा दोघांपैकी एक गेलेला होता. दुसऱ्याच्या वेळीही तसेच झाले. आपण झोपलो म्हणून ते गेले, हे तिच्या मनाने धरले ते धरलेच. मागे उरली तेक्ला, पाच-सहा वर्षांची मुलगी. तिला ओर्सोला नीट झोपूच देत नसे. पोरीचा डोळा लागला की ही खांदा हलवायची, "तेक्ला, आहेस ना?" पोर किरकिरत डोळे उघडायची. दोघींच्या डोळ्यांखाली सारखीच काळी वर्तुळे आली होती.

गावचा मुखिया होता लापो. तेक्लाच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर धरणारा, म्हणजे तिचा धर्मपिताच. माणूस वाईट नव्हता, पण भ्यालेला होता, आणि भ्यालेल्या माणसाच्या हाती गाव होते. तो सगळ्यांसमोर मारियेला नवस बोलला. साथ आवर, आम्ही तुला घर बांधू, भिंतीवर तुझी मूर्त रंगवू. आणि जोवर तू डोळे उघडून आमच्याकडे पाहत नाहीस, तोवर त्या घरात आमच्यातले कुणी बसणार नाही. तुझ्यापुढे सतत कुणी ना कुणी जागे उभे राहील. यात खंड पडला, तर आम्हांला खुशाल ने.

साथ थांबली. नवसाने थांबली की माणसेच संपत आली म्हणून थांबली, हे नुन्झियाबाई सांगत नाहीत. पण थांबली. आणि मग उरलेल्या मूठभर लोकांना ते चर्च बांधावे लागले.

पुरुष कमी, म्हणून दगडही बायकांनीच वाहिले. पाणी खालच्या ओढ्यावरून आणायचे, चुना भट्टीतून. अंगाचा अगदी भुगा व्हायचा. वर घाम पुसून भिंतीपुढे राखणीला उभे राहायचे, टेकायचेही नाही. पाळी संपली की घरी जायचे, तर घरी झोपेची भीती वाट पाहत असे. त्या वर्षी काझालेंतात कुणी हसल्याचे कुणाला आठवत नाही. भांडायलाही जोर नव्हता.

चित्र काढायला खालच्या शहरातून मास्त्रो, म्हणजे उस्ताद, वान्नी आला. म्हातारा, खोकणारा, उभे आयुष्य चर्चच्या भिंतींपुढे गेलेला. त्याची रीत अशी, की भिंतीवर चुन्याचा ओला गिलावा चढवायचा आणि तो ओला आहे तोवरच रंगवायचे. ओल्या चुन्यात रंग मुरतो आणि मग भिंतीचाच होऊन राहतो. गिलावा सुकला की संपले. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा तो लिंपायचा. आसन झाले, निळा झगा झाला, बाळ झाले. डोळ्यांचा तुकडा त्याने मुद्दाम शेवटी ठेवला. डोळे उघडले की नवस फिटणार होता, आणि गाव एकदाचे खाली बसणार होते.

तो दिवस उजाडला तेव्हा राखणीला ओर्सोला उभी होती. पहाटेपासूनची तिची पाळी. तिच्या जागी येणारी बाई आलीच नाही. तिच्या घरी ताप आला आहे, असा निरोप आला, आणि साथ परतली की काय, असे सगळ्या गावाला वाटले. मग ओर्सोलाच उभी राहिली. ऐन दुपारी वान्नीने मारियेचे डोळे रंगवून पुरे केले. मोठे, काळेभोर, उघडे डोळे. "बाई, अजून ओलं आहे," तो म्हणाला. "माशी बसू देऊ नकोस. मी दोन घास खाऊन येतो. मग गावाला बोलवू."

ओर्सोला भिंतीला अगदी लागून उभी राहिली. तिने माशा हाकलल्या. बाहेर ऊन होते, आत गारवा होता, ओल्या चुन्याचा वास होता. समोर ते डोळे तिच्याकडे पाहत होते. झाले, सुटलो, असे तिला वाटले. आणि तेवढ्या एका वाटण्याने तिच्या अंगातले उरलेसुरले बळ गेले. उभ्या उभ्याच तिची मान पुढे कलली आणि कपाळ मारियेच्या डोळ्यांवर टेकले.

वान्नी परत आला तेव्हा ती तशीच झोपलेली होती. त्याने तिला हळूच मागे घेतले. तिच्या कपाळावर चुना आणि काळा रंग फासला होता, आणि भिंतीवर डोळ्यांच्या जागी नुसता राडा होता.

ओर्सोलाने त्या राड्याकडे पाहिले. ओरडावेसेही तिला वाटले नाही. पुन्हा झोपले, एवढेच ती म्हणाली. पुन्हा मीच झोपले.

लोक जमायला वेळ लागला नाही. तेक्लाही धावत आली आणि आईच्या झग्याला चिकटून उभी राहिली. लापोने भिंत पाहिली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिकडे ताप, इकडे हे. राखणीत खंड पडला होता. नवस मोडला होता. तो ओर्सोलाकडे वळला.

"ओर्सोला, दिवस मावळायच्या आत तू वेशीबाहेर जायचंस. पोरीला घेऊन जा."

"कुठं जाऊ, काका?"

"ते मी कसं सांगू?"

साथीच्या गावातून आलेल्या बाईला त्या काळी कुठलेच गाव दारात उभे करत नसे. थंडी तोंडावर आलेली. वेशीबाहेर म्हणजे मरायला, हे सगळ्यांना ठाऊक होते. कुणी वर पाहिले नाही. कुणी नको असेही म्हटले नाही. माणसे दुष्ट नव्हती, पार थकून गेली होती, आणि थकलेल्या माणसाला दुसऱ्याची बाजू घेणे जमत नाही.

हे चालले असताना वान्नी सगळ्यांकडे पाठ करून काम करत होता. त्याने तो राडा खरवडला, नवा गिलावा लिंपला, मध्येच वळून एकदा ओर्सोलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि ब्रश उचलला. तो बाजूला झाला तेव्हा लोकांना दिसले, की मारियेचे डोळे मिटलेले आहेत.

गावातल्या म्हाताऱ्या मात्र वेगळे सांगतात. वान्नीने उघडेच डोळे काढले होते, सगळ्यांदेखत त्या पापण्या आपोआप मिटल्या, असे म्हणे. नुन्झियाबाईंना विचारले, तर त्या दोन्ही खरे म्हणतात.

"हे काय केलंस?" लापो किंचाळला. "डोळे उघड तिचे!"

"माझ्याच्यानं होणार नाही," वान्नी म्हणाला. "जन्मभर उघडेच डोळे काढले मी. इतकी दमलेली बाई इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. नको असेल तर भिंत खरवडा आणि दुसरा माणूस आणा."

मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आले. मारिया पाहीपर्यंत बसायचे नाही, असा नवस होता. आता ती पाहणारच नव्हती. म्हणजे आपण उभे राहायचे, आपली मुले उभी राहायची, त्यांची मुलेही. कुणाच्या तरी तोंडून हुंदका फुटला.

ओर्सोलाने कपाळावरचा चुना पुसला. तिला आता गमावण्यासारखे काही नव्हते.

"ती झोपलीय, काका," ती म्हणाली. "तिचं लेकरू जागं आहे, ते बघतंय. वेशीबाहेर काढणारच आहात तर काढा. पण माझ्यात चालायची ताकद नाही. आधी जरा बसते मी."

आणि ती त्या घरात खाली बसली. कुणीच बसले नव्हते तिथे. तिने तेक्लाला मांडीवर घेतले. लोक श्वास रोखून पाहत होते. छत कोसळले नाही. तेक्लाने आईच्या कुशीत तोंड खुपसले आणि ती झोपली.

मग एक म्हातारी भिंतीला धरत धरत खाली बसली. मग तिची सून. मग जो तो जागा मिळेल तिथे, पोती टाकून, शेजाऱ्याच्या पाठीवर डोके टेकून. सगळ्यांत शेवटी लापो बसला, आणि सगळ्यांत आधी घोरायला तोच लागला, असे सांगताना नुन्झियाबाई हसतात. गाव झोपले. म्हातारा वान्नीसुद्धा रंगाच्या मडक्यांपाशी आडवा झाला.

जागी राहिली ती एकटी ओर्सोला. मघाशी उभ्याने आलेली झोप आता आडवे व्हायची मुभा मिळाली तरी येईना. मांडीवरची पोर हलत नव्हती. ओर्सोलाचा हात सवयीने तिच्या खांद्यापाशी गेला. हलवावे, विचारावे, आहेस ना. तिने मारियेकडे पाहिले. मग हात मागे घेतला. तसे करणे तिला सगळ्या दगडांपेक्षा जड गेले. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत राहिला. तिने कान पोरीच्या तोंडाशी नेला आणि श्वास ऐकत बसली. एक गेला की दुसऱ्याची वाट पाहायची. तिने तेक्लाला उठवले नाही.

उतरत्या उन्हात तेक्लाने आपणहून डोळे उघडले. "आई," ती म्हणाली, "भूक लागली."

तेव्हा ओर्सोला रडली. नवरा गेला, मुलगा गेला, तेव्हा रडली नव्हती, ती आता भडभडून रडली. त्या आवाजाने लापो जागा झाला. त्याने आजूबाजूला पाहिले. माणसे एकेक करून उठत होती, सगळीच्या सगळी उठत होती. तो घरी गेला आणि पाव घेऊन आला, आणि पहिला तुकडा त्याने तेक्लाच्या हातात दिला. वेशीचे नाव पुन्हा कुणी काढले नाही. तो तापही साधाच निघाला.

पुढे कुणा बड्या धर्माधिकाऱ्याला हे चित्र खटकले म्हणे. त्याने चित्रकार पाठवून पापण्यांवर उघडे डोळे रंगवून घेतले. पण भिंत केव्हाच सुकली होती. पहिल्याच हिवाळ्यात तो रंग पोपडे होऊन गळून पडला.

आजही काझालेंतात मारियेच्या सणाला मिरवणूक निघत नाही. घंटा वाजत नाही, बँड नसतो. दुपारच्या जेवणानंतर सगळे गाव पांघरुणे आणि पाव घेऊन या चर्चमध्ये येते आणि जमिनीवर झोपते. पाहुण्यांनाही जागा करून देतात. नियम एकच आहे. जो आधी जागा होईल, त्याने शेजाऱ्याला उठवायचे नाही. मांडीवर पाव घेऊन त्याच्याजवळ बसायचे, आणि त्याचा श्वास ऐकत, तो आपणहून उठेपर्यंत थांबायचे.